‘नळ’, ‘साठा’ आणि गाढीचा काठ

नद्या व कार्बनचक्र यांविषयीच्या संशोधनाचे मूल्यमापन करताना त्यातील आकड्यांइतकाच त्यातील शब्दांचाही विचार करावा लागतो. जोनाथन कोल व त्यांचे सहलेखक यांनी २००७ साली ‘इकोसिस्टिम्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नदी म्हणजे जमिनीवरील कार्बन समुद्रापर्यंत नेणारा निष्क्रिय नळ, ही समजूत त्यांनी खोडून काढली. त्यांच्या अंदाजानुसार भूप्रदेशातून नद्या-सरोवरांत दरवर्षी सुमारे १९० कोटी टन कार्बन येतो. पैकी सुमारे ९० कोटी टन समुद्रास मिळतो, किमान ८० कोटी टन वायुरूपाने वातावरणात परततो आणि सुमारे २० कोटी टन गाळात गाडला जातो. तथापि निबंधाच्या शीर्षकात नळकामाचीच प्रतिमा कायम राहिली आहे. नळातील पाणी बाहेर आले तर ती गळती ठरते. नदीचे पाणी काठाबाहेर पसरते तेव्हा मैदान घडते.

पनवेलजवळील विचुंबे येथे हा भेद ध्यानात येतो. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी येथे सखल प्रदेशातून वाहते व पुढे पनवेलच्या खाडीस मिळते. अशा ठिकाणी पुराचा वेग मंदावला की माती व पालापाचोळा खाली बसतो. ओल्या, प्राणवायूविरहित थरांत सेंद्रिय द्रव्याचे कुजणे मंद होते. अशा थरांतून काही मिथेन निघतो, हेही हिशेबात धरावे लागते. जमीन कोरडी केली किंवा उकरली, की धरून ठेवलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. म्हणून ‘साठा’ ही संज्ञाही अपुरी ठरते. कोठारातील धान्य कोणी उचलीपर्यंत जागेवर राहते. येथील द्रव्य ओल टिकेल तोवरच टिकते.

मराठीत नदीकाठच्या गाळाच्या जमिनीस मळई व खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीस खाजण म्हणतात. दोन्ही शब्दांत जमीन व पाणी यांचा संबंध गृहीत आहे. शासकीय ‘पूररेषा’ या संज्ञेत तो लोपतो. निळी रेषा २५ वर्षांतून व तांबडी १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते; त्या मर्यादेच्या आतील गाळाने काय धरून ठेवले आहे, याविषयी ती मूक असते. नागरी वस्ती वाढणाऱ्या पनवेल परिसरात ही उणीव गंभीर आहे. मळईवर भराव पडला की पुराचे पाणी दुसरीकडे वळते आणि गाळाची नवी भरही खुंटते.

‘पूरमैदान’ ही संज्ञा भूगोलाच्या अभ्यासकांनी मळईच्या अर्थाने योजिली, तर काठ हा नदीचाच भाग म्हणून मोजला जाईल. जे मोजले जात नाही, त्यावर भराव घालणे सोपे असते.