न दाखवण्याच्या अटीवर

विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या बंधूंनी १९२१ साली जपानी मुद्राचित्रांचा आपला संग्रह बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला दिला. चित्रे सुमारे साडेसहा हजार, आणि अट अशी की ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. अट विक्षिप्त वाटते, पण तिच्यामागे उजेडाची सार्थ भीती होती. करडईच्या फुलांचा गुलाबी (म्हणजे आपला कुसुंबीच) आणि केन्याच्या कुळातल्या एका फुलाचा निळा हे दोन्ही रंग फार नाजूक. भिंतीवर टांगलेल्या चित्रातून आधी ते जातात. मागे उरतो तो युरोपातून आलेला प्रशियन निळा.

गंमत अशी, की ही चित्रे जपून ठेवण्यासाठी छापलेलीच नव्हती. एदो शहरात सामान्य माणूस ती किरकोळ पैशांत विकत घेई. होकुसाईची फुजी पर्वतमाला (नाव ‘छत्तीस दृश्ये’, चित्रे शेहेचाळीस!) १८३०च्या दशकाच्या आरंभी आली, तीही खपासाठी. मागणी असेपर्यंत त्याच ठशांवरून प्रती निघत राहत. ठसे झिजत, रेषा जाड होत, रंगही बदलत.

‘कोणती प्रत खरी?’ हा प्रश्न संग्राहकाने आणला, आणि तो निरर्थक नाही. त्या मालेतला ‘लाल फुजी’ जगभर ओळखीचा आहे. पण अगदी आरंभीच्या ज्या थोड्या प्रती उरल्या आहेत, त्यांत डोंगर फिकट आहे आणि आकाशाचा निळा असमान पसरलेला आहे. पहाटेचा उजेड चढत असल्याचा भास तिथेच होतो. पुढच्या प्रतींत लाल ठसठशीत झाला, आकाश सपाट झाले. प्रसिद्धी मात्र या पुढच्या प्रतींना मिळाली. रंगाची ही उतरती छटा लाकडावर हाताने पुसून साधायची, आणि ते काम छापणाऱ्याचे. चित्रावर नाव होकुसाईचे, पण संग्राहक पैसे मोजतो ते बहुधा त्या अनाम छापणाऱ्याच्या हातासाठी. याची कबुली लिलावाच्या सूचीत क्वचितच दिसते.

स्पॉल्डिंगांसाठी १९१३ साली जपानात खरेदी केली ती वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइटने. आदल्याच वर्षी त्याने जपानी मुद्राचित्रांवर छोटे पुस्तकही काढले होते. पुढे त्याने इतरांना विकलेल्या काही चित्रांवर नव्याने रंग चढवलेले आढळले आणि त्याला भरपाई करावी लागली. ताज्या रंगाची किंमत वाढली की रंगारी उगवणारच.

तरीही माझा कौल बंधूंच्या बाजूने आहे. विटलेल्या प्रती पाहून हिरोशिगेच्या ‘संयमित’ रंगांचे कौतुक करणे सोपे आहे. पण क्षितिजावरचा कुसुंबी पट्टा उडालेला असेल, तर तो संयम चित्रकाराचा नसून खिडकीतल्या उन्हाचा. हा फरक दाखवायला न विटलेली प्रत कुठेतरी हवीच, आणि ती अंधारातच टिकते. हा संग्रह मी पाहिला तो संगणकाच्या पडद्यावर, संग्रहालयाने खुल्या केलेल्या छायाचित्रांतून. त्या छायाचित्रांत गुलाबी अजून गुलाबी आहे. कागदाचा पोत आणि ठशाने उमटलेला दाब मात्र कळत नाही. तो पाहायचा तर बॉस्टनला जाऊन, परवानगी काढून, टेबलावर ठेवलेल्या कागदावर वाकावे लागेल.