वेठीचा रस्ता

फ्रीडरिक हायेक यांचे ‘द रोड टू सर्फडम’ १९४४चे. सरकारी नियोजनाचा रस्ता वेठीकडे जातो, हा त्यातला इशारा. डहाणू-तलासरीत तेव्हा नियोजनाविनाच वेठ चालू होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ होई; नवराबायको राबत, कर्ज फिटत नसे. करार वरकरणी खुशीचा! गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मी या प्रश्नासाठी पुन्हा वाचले : सरकार दूर असले की माणूस मोकळा होतो का?

दुसऱ्याच्या मनमानी सक्तीपासून मुक्तता, ही हायेक यांचीच स्वातंत्र्याची व्याख्या. ती जमीनदारालाही लागू पडते. त्यांचे आपल्याकडचे चाहते मात्र ती फक्त सरकारी कचेरीला लावतात. तरी त्यांची भीती पोकळ नाही. ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनीच. पाच जण गेले. सरकार गैरहजर नव्हते, जमीनदाराच्या पाठीशी होते.

म्हणून सरकार लहान की मोठे, हा वाद मला अपुरा वाटतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी ते उभे राहते का, हे पाहावे. परुळेकरांच्या शीर्षकातला माणूस एकवचनी आहे. पण १९४५च्या मे महिन्यात झरीच्या सभेत वेठीला पहिले ‘नाही’ म्हटले गेले, ते हजारोंच्या तोंडून.