न्याहाळकातले खेळ

मोबाइलची रेंज गेली म्हणजे क्रोममध्ये एक राखाडी डायनासोर येऊन उभा राहतो, हे आता कुणाला सांगायला नको. बोट टेकवले की तो धावू लागतो. निवडुंग आला की उडी मारायची, आपटलो की पुन्हा पहिल्यापासून. २०१४ साली गूगलच्या मंडळींनी हा खेळ ब्राउझरात घातला. चार वर्षांनी त्यांनीच सांगितले, की महिन्याला ह्याचे २७ कोटी डाव होतात, आणि त्यांतले पुष्कळसे जिथे नेट महाग किंवा बेभरवशाचे आहे अशा देशांत. त्या देशांत भारताचे नाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला बसून हे लिहिणाऱ्या मला त्याचे नवल वाटले नाही.

परंतु ह्या खेळाला नुसता वेळ घालवण्याचा चाळा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला रंग नाहीत, कथा नाही. वाळवंट आहे, कारण नेट नाही. प्राणी आदिम काळातला आहे, कारण नेट गेले की आपणही जणू त्याच काळात जाऊन पडतो. म्हणजे घाट परिस्थितीतूनच निपजला आहे, वरून चिकटवलेला नाही. नव्या मोठ्या खेळांपैकी कितींबद्दल असे म्हणता येईल, अशी मला शंका आहे.

ब्राउझरला 'न्याहाळक' असा मराठी शब्द कुणीतरी घडवला आहे. शब्द गोड आहे, म्हणून शीर्षकात घेतला. बोलताना मात्र आपण सगळे ब्राउझरच म्हणतो. त्यात खेळल्या जाणाऱ्या खेळाचे खरे वैशिष्ट्य एवढेच, की त्याला पत्ता असतो. पत्ता उघडला की खेळ समोर. तो उतरवून घ्यायला नको, आणि जागा करण्यासाठी घरच्या लग्नाचे कोणते फोटो पुसायचे ह्यावर खल नको. शिवाय दुकानदाराची परवानगी नको. २०२१ साली मायक्रोसॉफ्टला आपले खेळ आयफोनवर न्यायचे होते. अ‍ॅपलच्या दुकानाचे नियम जमेनात, तेव्हा एवढी बडी कंपनी निमूटपणे ब्राउझरच्या वाटेने आली.

ह्या माध्यमाचे भवितव्य सांगणारे लोक बहुधा ताकदीची भाषा बोलतात. २०११ मध्ये वेबजीएल आले आणि ब्राउझरात त्रिमिती चित्रे हलू लागली. २०१७ पासून वेबअसेंब्लीमुळे दुसऱ्या भाषांत लिहिलेले भले मोठे कार्यक्रम त्यात जवळजवळ मूळ वेगाने चालू लागले, आणि २०२३ मध्ये क्रोमने वेबजीपीयू आणून चित्रे काढणाऱ्या चिपची दारे आणखी उघडली. हे सारे खरे आहे. तरी ताकद वाढल्याने आपल्या पदरात काय पडते, हे मी माझ्या भाषेच्या बाजूने तपासून पाहतो.

'दिवाळी' हा साधा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात आधी 'द' असतो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी 'द'च्या आधी काढावी लागते. ही अदलाबदल ब्राउझरला पाठ आहे. क्रोममध्ये हे काम करणाऱ्या साधनाचे नाव हार्फबझ असे आहे. त्यातला फारसी 'हर्फ' म्हणजे आपल्या 'एक हरफही काढला नाही' मधलाच. पण मोठे खेळ ज्या इंजिनांवर बांधतात, ती अक्षरे स्वतःच रंगवतात, आणि त्यांतल्या काहींना ही विद्या कित्येक वर्षे येत नव्हती. मग वेलांटी 'द'ला सोडून 'व'च्या डोक्यावर जाऊन बसते. 'शुभेच्छा'तला 'च' पाय मोडून पडतो. गोडो नावाच्या मुक्त इंजिनाने २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत हे सुधारले, ही आनंदाची गोष्ट. तरीही विरोधाभास उरतोच: ब्राउझर जितका नुसते यंत्र म्हणून वापरावा, तितके त्याचे पानपण, त्याचे अक्षरज्ञान, बाजूला पडते. २०२१ मध्ये जगाला वेड लावणारा वर्डल पाहा. पाच चौकोन आणि अक्षरे, एवढाच संसार. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. मराठीत तो खेळताना 'स्त्री' एका चौकोनात बसवायची की तीन, ह्यावर घरात भांडण जुंपेल. पण ते भांडण तरी आपले असेल.

आता दुसरी बाजू, आणि टीकाकार म्हणून मला तीच जास्त टोचते. पुस्तक पुन्हा वाचता येते. खेळाचे काय? २००६ साली रिलायन्सने 'झपाक' सुरू केले. त्या काळी नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून पोरे जे खेळ खेळत, ते बहुतेक फ्लॅशवर चालत. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशला निरोप दिला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालेनासेच केले. एका पिढीचे बालपण एका तारखेला बंद झाले. इथे रोहिणखेडला १५८२ साली खुदावंतखानाने बांधलेली मशीद उभी आहे. आजही जाऊन तिच्या कमानी निरखता येतात, तिच्याबद्दल बरेवाईट मत देता येते. पंधरा वर्षांपूर्वीच्या खेळाबद्दल मला केवळ आठवणीवर बोलावे लागते, आणि आठवणीवर टीका होत नाही, फार तर गहिवर होतो.

ह्यावर उपाय निघाला तोही ब्राउझरातच. रफल नावाचे साधन वेबअसेंब्लीच्या जोरावर फ्लॅशची नक्कल करते, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून इंटरनेट आर्काइव्हने त्याच्या आधारे जुने खेळ पुन्हा खेळण्याजोगे ठेवले आहेत. नव्या ताकदीचा ह्याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. मात्र जे कुणी जपूनच ठेवले नाही, ते रफल तरी कुठून आणणार?

विसरण्याची ही खोड आजही गेलेली नाही. २०२० पासून अ‍ॅपलच्या सफारीने एक नियम केला आहे. पाळतीला आळा बसावा, हा त्यामागचा हेतू, आणि हेतू चांगला आहे. सफारी वापरात असून सात दिवस एखाद्या स्थळाला हात लागला नाही, तर त्या स्थळाने स्वतःच्या कार्यक्रमातून यंत्रात साठवलेली माहिती पुसली जाते. गुण, गाठलेली पातळी, सगळे त्यातच आले. पत्ता मुख्य पडद्यावर नेऊन ठेवला तर सूट मिळते. पण हे किती जणांना माहीत? दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या आयफोनवर भाच्याने चाळीस पायऱ्या चढवल्या, आणि मामाने त्या पत्त्याकडे पुन्हा पाहिले नाही, तर संक्रांतीला भाचा येईल तेव्हा खेळ त्याला विचारील, "नवीन खेळाडू?"