रिकाम्या कबरीपुढील यात्रेकरू

मराठी वाङ्मयात तीर्थयात्रेला जुना मान आहे. नामदेवांच्या तीर्थावळीच्या अभंगांपासून वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पर्यंत अनेक यात्रेकरूंनी या भाषेत आपले मन उघडे केले आहे. काशी, रामेश्वर, पंढरपूर ही नावे उच्चारली की मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम या नावांचे तसे नाही. त्या भूमीचे दर्शन घेऊन आलेल्या मराठी ख्रिस्ती यात्रेकरूंनी थोडेबहुत लिहिले आहे. ते धर्मनियतकालिकांतून छापले गेले आणि त्याच वर्तुळात वाचले गेले. त्याचा वाङ्मय म्हणून विचार क्वचितच झाला. या लेखात तो थोडा करावा, असा आमचा मानस आहे.

आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या यात्रेच्या केंद्रस्थानी 'दर्शन' हा शब्द आहे. पंढरीला विठोबा विटेवर उभा आहे. रांगेत कितीही तास गेले तरी शेवटी त्याच्या पायांवर डोके टेकते आणि यात्रा सफळ होते. जेरुसलेमच्या पुनरुत्थान मंदिरातही यात्रेकरू रांग लावतो, वाकून एका लहानशा दालनात शिरतो आणि संगमरवरी शिळेपुढे गुडघे टेकतो. तेथे पाहावयाचे असे काहीच नाही, कारण कबर रिकामी आहे. तो येथे नाही, हेच तर शुभवर्तमानात कबरीपाशी गेलेल्या स्त्रियांना सांगितले गेले. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशू म्हणतो की, खरी उपासना या डोंगरावरही नाही आणि जेरुसलेमातही नाही. ती आत्म्याने व सत्याने करावयाची आहे. म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरू घरातून निघतो तो एक विसंगती बरोबर घेऊनच. जाण्याची गरज नाही असे त्याचा ग्रंथ सांगतो आणि गेलेच पाहिजे असे त्याचे काळीज सांगते. या विसंगतीला तो कसा सामोरा जातो, त्यावर त्याच्या लेखनाचे मोल ठरते, असे आमचे मत आहे.

ही विसंगती आजची नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने उभारलेल्या पुनरुत्थान मंदिराचे अर्पण इ. स. ३३५ मध्ये झाले आणि त्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला. त्याच शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री दूर पश्चिमेकडून त्या भूमीत गेली. तिने आपल्या भगिनींना लिहिलेला प्रवासवृत्तान्त हस्तलिखित रूपाने १८८४ साली इटलीत सापडला. तिची रीत साधी होती. एखाद्या स्थळी पोहोचावे, प्रार्थना करावी, ग्रंथातला त्या स्थळाचा उतारा तेथेच वाचून घ्यावा आणि पुढे निघावे. त्याच काळात नीसाचा बिशप ग्रेगरी मात्र एका पत्रात लिहितो की, स्थळ बदलल्याने कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाही. विशेष हे की, तो स्वतः जेरुसलेम पाहून आला होता. बेथलेहेमातच राहून बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही एका स्नेह्याला सुचविले की, स्वर्गाचे दार जेरुसलेमातून जेवढे उघडे आहे तेवढेच ब्रिटनमधूनही आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. तीर्थावळीत ज्ञानदेव नामदेवांना तीर्थाटनाला बोलावतात, तेव्हा पंढरी सोडताना नामदेवांचा जीव कासावीस होतो. सारी तीर्थे पाहूनही त्यांचे मन चंद्रभागेच्या वाळवंटात अडकलेले असते. तीर्थे हिंडणारा आणि तीर्थांविषयी साशंक असणारा, असे दोन्ही यात्रेकरू आपल्या परंपरेत एकाच देहात नांदले आहेत. म्हणूनच ख्रिस्तभूमीविषयी मराठीत लिहिणाऱ्याला हे ओझे उचलण्यासाठी परक्या भाषेकडे जाण्याचे कारण नव्हते.

प्रत्यक्षात जे लिहिले जाते ते बहुधा एगेरियाच्या रीतीची सौम्य नक्कल असते. बस थांबते, मार्गदर्शक माहिती सांगतो, बायबलमधील वचन येते आणि लेखकाचे डोळे भरून येतात. गालिलाच्या सरोवरावर भरून येतात, कालवारीवर भरून येतात आणि यार्देनेच्या काठीही तेवढेच भरून येतात. अश्रूंच्या खरेपणाविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या सारख्या मापाविषयी. जो प्रत्येक ठिकाणी सारखाच गहिवरतो, तो स्थळ पाहत नसतो, आपण घरून आणलेली अपेक्षा पाहत असतो. हा दोष ख्रिस्ती लेखकांचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. चारधाम आणि मानससरोवराची आपली कितीतरी यात्रावर्णने याच दोषाने बेचव झाली आहेत. थकवा, कंटाळा, काहीच न वाटण्याचे ते लाजिरवाणे क्षण यांना यात्रावर्णनात जागा नसते, आणि वाचकाचा विश्वास नेमका तेथेच उडतो.

या पार्श्वभूमीवर, ख्रिस्तभूमीला न जाता ती मराठीत उभी करणाऱ्या दोघांची आठवण ठेवणे आवश्यक आहे.

पहिले आपल्या गोव्याचेच फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये लिस्बनहून समुद्रमार्गे गोव्यास आला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील बेथलेहेम आणि जेरुसलेम त्याने ग्रंथांतून घेतले आणि साष्टीच्या श्रोत्यांना कळेल अशा बोलीत मांडले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. वाचकाला समुद्रापार नेण्याऐवजी त्याने ती भूमीच ओवीत बसवून येथे आणली. मराठी भाषेची त्याने गायलेली थोरवी आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या साष्टीत हे पुराण वाचले गेले तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. ज्या श्रोत्यांच्या पायाखालची पवित्र स्थळे गेली होती, त्यांना दूरच्या पवित्र स्थळांची कथा त्यांच्याच छंदात ऐकविली जात होती. ग्रंथाच्या गोडव्यात हा सलही मिसळलेला आहे. तो ओळखून वाचले तर 'ख्रिस्तपुराण' लहान होत नाही. उलट, स्थळ हरवलेल्या माणसाला कथा किती लागते, हे त्यातून समजते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचे बालपणच तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत कुटुंबासह पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, आणि रमाबाई भावासह उत्तरेकडे चालत राहिल्या. तीर्थे आणि उपवास यांनी काय दिले नाही, हे त्यांनी पुढे कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. ज्या स्त्रीने अर्धा हिंदुस्थान तीर्थांसाठी पायी तुडविला, तिला पॅलेस्टाइनच्या यात्रेची ओढ लागणे स्वाभाविक ठरले असते. परंतु त्यांच्या उत्तरायुष्याचे मोठे काम वेगळेच ठरले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी सबंध बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये तेथल्याच छापखान्यातून ते भाषांतर प्रसिद्ध झाले. आमच्या मते हीच त्यांची ख्रिस्तभूमीची यात्रा होय. एका शब्दापाशी थांबावे, त्याचा अर्थ लागेपर्यंत हलू नये, मग पुढच्या शब्दाकडे जावे. पायी यात्रेची शिस्त त्यांनी भाषेत आणली.

आता प्रत्यक्ष जाऊन आलेल्या लेखकाकडे वळू. वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक या विषयावरचे मराठीतील महत्त्वाचे लेखन आहे. 'सुवार्ता' मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. 'सुबोध बायबल' हा त्यांचा ग्रंथ मराठी घरांत पोहोचला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तकाचे नावच प्रथम विचारात घेण्यासारखे आहे. धर्मगुरूने 'तीर्थयात्रा' हा सोपा शब्द बाजूला ठेवून 'संघर्षयात्रा' म्हटले आणि उपशीर्षकात इस्राएल-पॅलेस्टाइन संवादाचे नाव घेतले. याचा अर्थ असा की, या यात्रेकरूला दगडांबरोबर माणसेही दिसली. ज्या भूमीवर दोन हजार वर्षांपूर्वीची पावले शोधावयाची, त्याच भूमीवर आज कोणाची पावले अडविली जातात, हा प्रश्न त्याने टाळला नाही.

हे पुस्तकाचे मोठे बळ आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच सुरू होते, असे आम्हांस नम्रपणे म्हणावेसे वाटते. संघर्ष समजावून सांगण्याची जबाबदारी घेतली की लेखकाला समतोल ठेवावा लागतो, दोन्ही बाजू मांडाव्या लागतात, इतिहासाचे धागे जुळवावे लागतात. या कामात एकटा यात्रेकरू मागे पडण्याचा धोका असतो. रिकाम्या कबरीपुढे त्याचे स्वतःचे काय झाले, तेथे प्रार्थना सुचली की शब्दच आटले, हे ऐकण्याची वाचकाची भूक पुरती भागत नाही. दिब्रिटो यांच्या ललित लेखनात वसईच्या हिरव्या वाड्यांविषयीचा जो जिव्हाळा आहे, तो ज्या प्रमाणात ख्रिस्तभूमीच्या वर्णनात उतरतो त्या प्रमाणात ते वर्णन वाङ्मय होते. तरीही भाबड्या गहिवरापेक्षा ही मर्यादा कितीतरी मोलाची आहे.

कारण ती भूमी भाबडेपणाला जागाच ठेवीत नाही. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचे दार इतके ठेंगणे आहे की प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते. त्याला नम्रतेचे दार म्हणतात. त्याच मंदिराला २००२ मध्ये ३९ दिवस वेढा पडला होता. जेरुसलेम आणि बेथलेहेम यांच्यामध्ये आज उंच काँक्रीटची भिंत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध पेटल्यानंतर त्या वर्षीचा आणि २०२४ चाही नाताळ बेथलेहेमने रोषणाईविना पाळला. पुनरुत्थान मंदिरात सहा ख्रिस्ती पंथांचा वावर आहे. कोणता जिना कोणी झाडावयाचा, कोणता दिवा कोणी लावावयाचा हे एकोणिसाव्या शतकातील तुर्की फर्मानांनी कायम केलेल्या वहिवाटीवर चालते, आणि दाराची किल्ली व दार उघडण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. आमची नोकरी एक-चौदाचे उतारे आणि वहिवाटीचे तंटे पाहण्यात गेली. त्यामुळे ही व्यवस्था वाचून आम्हांस हसू आले नाही. जेथे भावांचेच एकमत होत नाही तेथे शेजाऱ्याच्या हाती किल्ली देणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. एखाद्या मराठी यात्रेकरूने त्या किल्लीवर चिंतन लिहिले तर आम्ही ते आवडीने वाचू.

पेडण्याच्या वाचकाने हे सारे का वाचावे, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आमच्या अंगणातच आहे. गोव्यातील हिंदूंना स्थळ हरवणे ठाऊक आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. देवाबरोबर पावित्र्य गेले की ते मूळ मातीत राहिले? आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर वादाने दिले नाही. त्यांनी नव्या जागी दिवा लावला आणि जुन्या गावाचे नाव कुलदेवतेच्या नावाशी जोडून ठेवले. पेडण्याच्या पुनवेला भूतनाथ दरवर्षी आपले देऊळ मागतो आणि दरवर्षी देवळावाचूनच राहतो, तरी त्याचे भक्त घटत नाहीत. मोपाच्या सड्यावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्या सड्यावर काजूची झाडे आणि गुरांच्या वाटा होत्या, तेथून आता गोव्यातील ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही आपापल्या यात्रेला निघतात. निघताना ज्या मातीवर पाय ठेवला जातो, तीही कोणाची तरी पवित्र जमीन होती, एवढे ज्याच्या ध्यानात राहील तो जेरुसलेमातही अधिक चांगले पाहील.

म्हणून ख्रिस्तभूमीविषयीच्या मराठी लेखनाला आम्ही तीन प्रश्न विचारू. यात्रेकरूने काय वाटले याबरोबर काय वाटले नाही, हेही सांगितले का? स्थळाच्या जुन्या कथेबरोबर तेथे आज राहणारा माणूस त्याला दिसला का? आणि परत आल्यावर त्याला आपले गाव वेगळे दिसले का? स्टीफन्सने त्या भूमीला ओवी दिली, रमाबाईंनी शब्द दिले, दिब्रिटो यांनी तिच्या जखमेकडे बोट दाखविले. या तिघांच्या पुढे जाऊन रिकाम्या कबरीपुढचे आपले मौन मराठीत लिहिणारा यात्रेकरू यावयाचा आहे. रिकामी कबर पाहून त्या स्त्रिया तेथे रेंगाळल्या नाहीत. त्या धावत आपल्या माणसांकडे परतल्या, असे शुभवर्तमान सांगते. त्या परतीच्या वाटेवरचे पुस्तक वारकरी आणि ख्रिस्ती दोघेही आपले म्हणून वाचतील, याविषयी आम्हांस शंका नाही.