संपर्क तुटला आहे : एक रसग्रहण

परीक्षणासाठी हाती घेतलेलं पुस्तक वाचलंच पाहिजे, असा काही नियम नाही. उलट, वाचलं की मन कलुषित होतं असं मानणारे समीक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरं चाललं आहे. माझं दुर्दैव असं, की प्रस्तुत ग्रंथ मी गेल्या तीन महिन्यांत निदान चाळीस वेळा वाचला आहे. काही उतारे उभ्यानं वाचले, काही टेबलाखाली पालथं पडून, आणि एक तर वीज गेल्यावर टॉर्चच्या उजेडात.

ग्रंथाचं नाव 'माहितीपुस्तिका'. लेखकाचं नाव कुठंही नाही. संपूर्ण ग्रंथ वाचल्यावर त्याचं कारण कळतं. आमच्या पतसंस्थेत जो बिनतारी प्रिंटर आला, त्याच्या खोक्यात थर्मोकोलच्या खाली ही पुस्तिका होती. तीत बावीस भाषा आहेत. त्यात मराठी नाही. तेव्हा खालचे सगळे अनुवाद माझे समजावेत, आणि रसहानी झाली असेल तर ती मूळचीच समजावी.

आधीचा प्रिंटर वायरीचा होता. तो अकरा वर्षं कुरकुरत का होईना, पण छापत होता. एके दिवशी आमचे अध्यक्ष त्या वायरीत अडखळले आणि पुढच्याच सभेत 'संस्थेचे आधुनिकीकरण' हा विषय एकमतानं मंजूर झाला. बिनतारी यंत्र आलं. मी मानद चिटणीस असल्यामुळं ते माझ्या ताब्यात आलं. 'मानद' म्हणजे ज्याला पगार नसतो, पण जाब असतो.

बिनतारीचं मला तसं वावडं नाही. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा तारेशिवाय वाजवून दाखवली होती आणि दारूही उडवून दाखवली होती. सव्वाशे वर्षांनंतर आमच्या संस्थेत एक पानी दाखला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही, याला प्रगती म्हणायचं. मुळात 'वायफाय' या शब्दालाच अर्थ नाही. कशाचं तरी ते संक्षिप्त रूप असेल असं आपण भाबडेपणानं समजतो. पण ते तसं नाही. १९९९ साली नावं ठेवणं हाच जिचा धंदा, अशा एका कंपनीकडून ते करून घेतलं होतं. नावं ठेवण्याची ही कला आमच्या गावात फुकट मिळते.

आता ग्रंथाकडं वळू. पहिले पाच अध्याय सौम्य आहेत. कागद कसा घालावा, खोकं कसं उघडावं (हे खोकं उघडल्यावर वाचायला मिळतं), वगैरे. खरा रसपरिपोष होतो तो सहाव्या अध्यायात. त्याचं शीर्षक 'अडचणी व उपाय'. उपाय पहिला : यंत्र चालू आहे याची खात्री करा. उपाय दुसरा : यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. उपाय तिसरा : बिनतारीचं बटण दाबून यंत्राचं माहितीपत्रक छापून घ्या. उपाय चौथा : यंत्र राउटरजवळ आणा, मध्ये लोखंडी कपाट, मायक्रोवेव्ह वगैरे नसावं.

गुण सांगायचे तर चौथा उपाय खरा आहे. लोखंडापुढं या लहरींचं फारसं चालत नाही, आणि डबा गरम करायचं ओव्हन नेमक्या त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, जिथं आमच्या प्रिंटरला ऐकू येतं. आम्ही कपाट हलवलं. कपाटामागं १९९८ सालचा हरवलेला ठेवरजिस्टर सापडला. प्रिंटर मात्र हरवलेलाच राहिला.

दुसऱ्या उपायाबद्दल मात्र माझे लेखकाशी तीव्र मतभेद आहेत. बंद करून चालू केलं की कधीकधी खरंच चालतं. हाच त्यातला धोका. ताप उतरतो आणि रोग कळत नाही. मग माणसाला वाटतं आपण दुरुस्ती केली. वास्तविक आपण फक्त नवस बोललेलो असतो.

आणि शैली! संगणकाच्या पडद्यावर सारखा एकच शब्द येतो : 'ऑफलाइन'. यंत्र झोपलं तरी ऑफलाइन. यंत्र लांब असलं तरी ऑफलाइन. मागचा एखादा कागद रांगेत अडकला, यंत्र भलत्याच राउटरला जोडलं गेलं, पत्ता चुकला, तरी ऑफलाइन. पाच रोगांना एकच नाव देणारा वैद्य आपण गावात ठेवला नसता. बरं, या वाङ्मयाला परंपराही आहे. जुन्या अमेरिकन प्रिंटरांवर 'पीसी लोड लेटर' असा संदेश येई. लोक पत्र शोधत बसायचे. त्याचा अर्थ एवढाच, की कागदाच्या कप्प्यात 'लेटर' मापाचा कागद घाला. १९९९ च्या 'ऑफिस स्पेस' या चित्रपटात त्यातली माणसं अखेर तसलं यंत्र माळावर नेऊन बॅटीनं फोडतात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. युनिक्सच्या जगात तर प्रिंटरनं नेमकं काय झालं ते न सांगता नुसताच 'बिघाड' कळवला, की संगणक लिहायचा : 'प्रिंटरला आग लागली आहे.' मला हे वाक्य आवडतं. त्यात निदान सहानुभूती आहे.

येथवर वाचकांना हा सगळा विनोद वाटला असेल. मलाही एका मंगळवारपर्यंत वाटत होता.

त्या मंगळवारी भाजीवाल्या मावशी आल्या. घरावर काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी आदल्या आठवड्यात भरला होता. आता उताऱ्यावरचा बोजा उतरवायला आमचा बेबाकी दाखला हवा. तलाठी भाऊसाहेब मंगळवारीच बसतात. हातानं लिहून दिला असता. पण 'सर्व दाखले संगणकावरच काढावेत' असा ठराव आम्हीच केलेला. दाखला पडद्यावर तयार, प्रिंटर तीन पावलांवर, आणि मध्ये तो एक शब्द. मी सतरा वेळा बटण दाबलं. मावशी बाकड्यावर बसून बघत होत्या. साडेपाचला उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी पैसं देताना कदी म्हनलं का, की आज माजा संपर्क तुटलाय?"

पुस्तिकेत याला उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली आणि यंत्राला अचानक सगळं आठवलं. मावशींचे सतरा दाखले एकापाठोपाठ एक बाहेर पडले. त्या पुढच्या मंगळवारपर्यंत आल्या नाहीत. पण बातमी अध्यक्षांपर्यंत आली, आणि अध्यक्षांना कारण लागतं. यंत्राशेजारी स्टूल कुणाचं? शिपाईमामांचं. यंत्र पुसतो कोण? मामा. झालं. 'यंत्राशी अनावश्यक छेडछाड केल्याबद्दल खुलासा करावा' असा मेमो निघाला. मसुदा माझाच होता. सांगायला लाज वाटते, पण तो मेमो पहिल्या फटक्यात छापून आला.

मामांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. तेवीस वर्षांच्या नोकरीतला त्यांचा पहिला मेमो. त्या दिवशी चहा आणला, पण टेबलावर ठेवताना नेहमीसारखं "सायेब, च्या" म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी ते नाडीनं बांधलेला एक गठ्ठा घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. उपाय तिसरा आठवतो ना? माहितीपत्रक छापून घ्या. हे पत्रक यंत्र हमखास छापायचं; स्वतःविषयी लिहायला त्याला कुणाच्या संपर्काची गरज लागत नाही. पुष्कळ लेखकांचं असंच असतं. ती पत्रकं मी बघून टोपलीत टाकायचो. मामा ती उचलून पाठकोऱ्या बाजूवर चहाचा हिशेब लिहायचे. तारीख, कप, आणि कडेला 'लाइट गेली' अशी नोंद, कारण लाइट गेली की लोक जास्त चहा पितात.

"ह्यो आकडा बगा," मामा म्हणाले. "दर लाइटीनंतर निराळा हाय. हितं शेवटी सात. हितं बारा. हितं नऊ. ज्या दिवशी सात आसतो, त्या दिवशी मशीन चालतं."

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, हे मी शाळेत शिकलो होतो. पाठभेद ताडणं म्हणजे काय, ते मात्र चहाच्या हिशेबावर शिकलो. मीही तीच पत्रकं पाहत होतो. पण मी उपाय शोधत होतो. मामा वाचत होते.

"भाडेकरू खोली बदलतोय, सायेब. आन् तुमचा पोस्टमन जुन्याच खोलीवर पत्र टाकतोय."

याहून चांगला खुलासा मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. राउटर हा वाड्याचा मालक. जो येईल त्याला तो मुदतीच्या करारानं एकेक खोली देतो : १९२.१६८.१.७, १९२.१६८.१.१२, वगैरे. वीज गेली की आमच्या मालकाची वही कोरी होते. वीज आली की लोकांचे मोबाइल धावत येऊन खोल्या बळकावतात. प्रिंटर म्हातारा, तो अंग गरम करून मग येतो, तोवर सातवी खोली गेलेली. संगणकाला मात्र सातवीच पाठ. म्हणजे प्रिंटर खोटं बोलत नव्हता आणि संगणकही नव्हता. एक म्हणे, मी घरी आहे. दुसरा म्हणे, घरी कुणी नाही. दोघंही खरे. अशा बाबतीत पुस्तिकेनं वाचकालाच विचारावं, की तुम्ही यंत्र चालू केलं आहे ना?

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला पासवर्ड वाचून आत शिरलो आणि प्रिंटरच्या जन्मजात क्रमांकाच्या नावे सातवी खोली कायमची राखून ठेवली. नंतर पुस्तिका पुन्हा उघडली. एकसष्टाव्या पानावर, तळटिपेत, हे होतं! 'पत्ता बदलत असल्यास राउटरची पुस्तिका पाहावी.' राउटरची पुस्तिका पाहिली. तीत लिहिलं होतं, 'संबंधित उपकरणाची पुस्तिका पाहावी.'

तेव्हा या ग्रंथाचं मूल्यमापन असं. तो कठीण आहे ही माझी तक्रार नाही. कठीण ग्रंथ आपण डोक्यावर घेतो. तक्रार ही, की सहावा अध्याय सुरू होतो तो वाचकावर संशय घेऊन. खात्री करा, तपासा, तुम्हीच काही केलंत का ते पाहा. शंभर वाक्यं आज्ञार्थी, आणि खरं कारण तळटिपेत. पण हे दोषदिग्दर्शन करताना माझी लेखणी अडखळते. कारण याच शैलीतली एक छोटी कृती माझ्या नावावरही आहे. तीही एक पानी आणि आज्ञार्थीच होती. तीत तर तळटीपसुद्धा नव्हती.

अध्यक्षांना सगळं सांगितलं. ते उदार मनानं म्हणाले, "असं होय! मग मामांना सांगा, तो मेमो विसरून जा म्हणावं." मी बाहेर येऊन सांगितलं. मामा प्रिंटर पुसत होते. पुसतच राहिले.

"त्यो मेमो कागदावर आलाय, सायेब," ते म्हणाले. "ह्ये आसं हवेतनं नको."

मी आत गेलो, मेमो मागे घेतल्याचं पत्र टाइप केलं, खाली 'चूक कार्यालयाची होती' असं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं आणि बटण दाबलं. बाहेर प्रिंटर घरघरला. मामांनी कागद उचलून उभ्यानं दोनदा वाचला आणि नाडीच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.

मग विचारलं, "च्या आनू?"