जी-कोडाचे भाष्यकार : प्लाझ्मा-कर्तनाच्या संदर्भात

घरच्या कार्यशाळेत स्वहस्ते प्लाझ्मा-कर्तनाचे मेज उभारणारा मनुष्य सांगाडा, रूळ आणि स्टेपर मोटारी यांपाशी सहसा अडत नाही. त्याची अडचण नियंत्रक निवडताना सुरू होते. ही निवड बहुधा किंमत आणि दर सेकंदास निघणाऱ्या स्पंदांची संख्या या दोन कसोट्यांवर केली जाते. दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. नियंत्रक हा प्रथमतः एका संहितेचा वाचक असतो. ती संहिता तो कशी वाचतो आणि तिच्यात न लिहिलेले काय गृहीत धरतो, यावर कापलेल्या पत्र्याची कड व नोझलचे आयुष्य अवलंबून राहते.

ही संहिता म्हणजे जी-कोड. १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि त्या परंपरेत ही संहिता घडत गेली. तिची रचना कमालीची मितभाषी आहे. एक अक्षर व एक संख्या मिळून शब्द, आणि अशा काही शब्दांची एक ओळ. एकदा ‘जी १’, म्हणजे सरळ रेषेत ठरल्या वेगाने चाल, असे म्हटले की पुढील ओळींत ते पुन्हा म्हणावे लागत नाही. विरोधी आज्ञा येईपर्यंत ते लागू राहते. पाणिनीय सूत्रांच्या अभ्यासकास येथे अनुवृत्तीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सूत्र जितके आखूड, तितकी भाष्यकाराची जबाबदारी मोठी, हा नियमही दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००० साली या भाषेच्या एका रूपाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आज घरगुती यंत्रांवर आढळणारे जीआरबीएल, मॅक-थ्री आणि लिनक्ससीएनसी हे तिन्ही नियंत्रक त्याच घराण्यातील आहेत. तरीही ‘जी ४’ या थांबण्याच्या आज्ञेपुढील संख्या जीआरबीएल व लिनक्ससीएनसी सेकंद म्हणून वाचतात, तर मॅक-थ्रीमध्ये ती सेकंद की सहस्रांश-सेकंद हे एका खुणेवर ठरते. पत्र्याला भोक पडेपर्यंत अर्धा सेकंद थांबावे म्हणून ०.५ लिहिलेली ओळ चुकीच्या खुणेखाली वाचली गेली, तर टॉर्च जवळजवळ न थांबताच पुढे सरकतो आणि वितळलेले लोखंड उलटून नोझलवर उडते. उलट ५०० ही संख्या सेकंद म्हणून वाचली गेल्यास टॉर्च आठ मिनिटांहून अधिक काळ एकाच जागी खोळंबतो. संहितेत एकही अशुद्ध अक्षर नसताना हे घडते.

याहून गंभीर प्रश्न ‘एम ३’ या आज्ञेचा आहे. मूळ अर्थाने ती मिलिंग यंत्राचा दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावयास सांगते. प्लाझ्माच्या मेजावर फिरणारा दांडाच नाही. मुख्यार्थाचा बाध झाला म्हणजे लक्षणा येते. त्याप्रमाणे ‘एम ३’चा अर्थ ‘टॉर्च पेटवा’ असा झाला. परंतु टॉर्च पेटवणे ही एकच क्रिया नव्हे. आधी पत्र्याचा पृष्ठभाग शोधावयाचा, टॉर्च भोक पाडण्याच्या उंचीवर न्यावयाचा, आर्क पेटवून तो पत्र्याशी जुळल्याची खूण येईपर्यंत वाट पाहावयाची, भोक पडू द्यावयाचे आणि मगच कापण्याच्या उंचीवर उतरून चाल सुरू करावयाची. एवढा अर्थ एका शब्दाने कोणी व्यक्त करावा, संहितेने की वाचकाने, हाच निवडीचा खरा मुद्दा आहे.

जीआरबीएलचे उत्तर असे की जे लिहिले आहे तेवढेच केले जाईल. हा नियंत्रक आर्डुइनोच्या आठ-बिटी सूक्ष्मनियंत्रकावर चालतो व सेकंदास ३०,००० स्पंद देतो. मिलिमीटरमागे ८० स्पंद धरले तरी मिनिटास २२.५ मीटर चाल मिळते. घरच्या मेजास ती पुरून उरते. तेव्हा त्याचे न्यून वेगात नाही. आर्क जुळल्याची वाट पाहणे आणि कापताना टॉर्चची उंची राखणे या दोन्ही गोष्टी त्याच्या मूळ व्याकरणातच नाहीत. उष्णतेने पत्रा फुगतो, वाकतो. संहिता लिहिणाऱ्यास ते आधी ठाऊक असणे शक्य नसते. उंची राखणारे स्वतंत्र उपकरण बाहेरून जोडता येते, पण मग टॉर्च कोठे आहे हे नियंत्रकासच कळेनासे होते.

मॅक-थ्रीने ‘वर’, ‘खाली’ आणि ‘आर्क जुळला’ हे तीन संकेत ऐकण्याची सोय ठेवली; निर्णय मात्र बाहेरच्या उपकरणाचाच राहिला. त्याचा विकास आता थांबलेला आहे, आणि समांतर पोर्टातून स्पंद देणारी त्याची जुनी पद्धत ६४-बिटी विंडोजवर चालत नाही. नवे मेज बांधणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

लिनक्ससीएनसीची क्यूटीप्लाझ्मासी ही मांडणी संपूर्ण क्रियाक्रम ‘एम ३’च्या अर्थात सामावून घेते. आर्कचा विद्युद्दाब, जो साधारणतः १०० ते १५० व्होल्ट असतो, विभागून व वारंवारतेत रूपांतरित करून मेसा कार्डाद्वारे नियंत्रकाच्या कानी घातला जातो. उंची वाढली की दाब वाढतो, म्हणून दाब हीच उंचीची भाषा. मात्र या भाषेतही अनेकार्थता आहे. कोपऱ्यावर चाल मंदावली की चीर रुंदावते, आर्क ताणला जातो व दाब वाढतो. टॉर्च वर गेला आहे असे समजून भोळा वाचक त्यास खाली दाबतो आणि टॉर्च पत्र्यावर आदळतो. प्रत्यक्ष चाल किती मंदावली हे ज्याला ठाऊक आहे तोच या संकेताचा योग्य अर्थ लावू शकतो. संदर्भ आणि संकेत एकाच वाचकाच्या हाती असणे हे या मांडणीचे बळ होय.

तिचे दोष लपविण्याचे कारण नाही. तिच्यासाठी लिहिलेल्या संहितेत कापण्याचा वेग संख्येने न देता ‘निवडलेल्या पत्र्यास जो असेल तो’ अशा सर्वनामाने देता येतो. ती संहिता दुसऱ्या नियंत्रकापुढे ठेवली तर त्या सर्वनामास नामच उरत नाही. शिवाय प्रत्येक संकेताची जोडणी मजकूर-फाइलींत लिहून करावी लागते. नवख्याचे काही आठवडे त्यात जातात.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत थोडक्यात इतकेच सांगता येईल की उच्च-वारंवारतेने आर्क पेटवणारा प्लाझ्मा-संच जवळच्या प्रत्येक तारेत गोंगाट भरतो. असा संच असल्यास संगणक व कार्ड यांमध्ये यूएसबीपेक्षा इथरनेट बरे, कारण त्यातील संकेत रोहित्रांमधून जातात. किंबहुना खरेदीचा क्रमच उलटा हवा. प्रथम प्लाझ्मा-संच पाहावा. आर्क जुळल्याची खूण व विभागलेला दाब देणारे पोर्ट त्यावर आहे की नाही, हे तपासावे. ते नसल्यास दाब टॉर्चच्या मूळ तारांवरून विलगक-विभाजक बसवून घ्यावा लागेल. तो खर्च व त्यातील धोका हिशेबात धरल्यावरच नियंत्रकाची किंमत विचारण्यात अर्थ आहे.