काणी करार आणि न्याय्य लाभवाटप : एक चिकित्सा

प्रस्तावना
जैवविविधता आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांच्या वापरातून मिळणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप हे १९९२ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराचे एक प्रमुख उद्दिष्ट होय. या तत्त्वाचे आदर्श उदाहरण म्हणून केरळमधील काणी आदिवासी व ‘जीवनी’ हे औषध यांचा उल्लेख वारंवार केला जातो. हा गौरव कितपत सार्थ आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घटनाक्रम
१९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांचे पथक अगस्त्यमलै डोंगररांगेत फिरत होते. वाटाडे काणी एक रानफळ खाऊन न थकता चढ चढतात, हे त्यांच्या लक्षात आले. काणींनी प्रारंभी त्या वनस्पतीची ओळख देण्याचे टाळले. पुढे विश्वास बसल्यावर ‘आरोग्यपच्चा’ दाखविली. पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यासह चार वनस्पतींपासून ‘जीवनी’ सिद्ध केले आणि १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीस सात वर्षांचा उत्पादन परवाना दिला. परवानाशुल्क १० लाख रुपये, तर स्वामित्वशुल्क विक्रीच्या २ टक्के ठरले. दोहोंचा निम्मा वाटा काणींना देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. काणींचा न्यास १९९७ मध्ये नोंदला गेला व १९९९ मध्ये त्यास सुमारे ५ लाख १९ हजार रुपये प्राप्त झाले.

चिकित्सा
त्या काळी लाभवाटपाची सक्ती करणारा कोणताही कायदा देशात नव्हता. त्यामुळे संस्थेचा निर्णय निःसंशय प्रशंसनीय ठरतो. तथापि नेमक्या याच ठिकाणी त्याची मर्यादाही आहे. परवाना करारात काणी हे पक्षकार नव्हते. त्यांचा न्यासही करारानंतर दोन वर्षांनी अस्तित्वात आला. ज्ञान ज्यांचे, त्यांना दर ठरविताना बोलण्यास जागा नव्हती. परिणामी लाभ हा हक्क न राहता अनुग्रह झाला.

‘निम्मा वाटा’ हा शब्दप्रयोगही तपासून पाहावा लागेल. २ टक्क्यांचा निम्मा म्हणजे विक्रीचा केवळ १ टक्का. प्राप्त रकमेतून परवानाशुल्काचे ५ लाख वजा केल्यास स्वामित्वशुल्कापोटी जेमतेम १९ हजार रुपये उरतात.

तिसरा प्रश्न समुदाय कोणाला म्हणावे, हा होय. काणींच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. न्यासाच्या आरंभीच्या कार्यात सर्व वस्त्यांचा सारखा सहभाग नव्हता आणि ‘प्लाथी’ या पारंपरिक वैद्यांपैकी काहींनी हे ज्ञान विकण्यासच आक्षेप घेतला होता. मोजक्या वाटाड्यांची संमती ही जमातीची संमती ठरते काय, याचे उत्तर करारात सापडत नाही.

याशिवाय, जंगलातून पाने गोळा करण्यास वन विभागाने हरकत घेतल्याने कच्च्या मालाचा पुरवठा खुंटला. म्हणजे ज्ञान काणींचे मानले गेले, परंतु ज्या वनात ते उपजले त्यावरील त्यांचा अधिकार मान्य झाला नाही.

कायद्याची स्थिती
जैवविविधता कायदा, २००२ ने राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य मंडळे व स्थानिक व्यवस्थापन समित्या अशी त्रिस्तरीय रचना केली. वनाधिकार कायदा, २००६ ने पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप बंधनकारक ठरविले. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान व लागवडीतील औषधी वनस्पती यांना सूट दिली. काणींचे ज्ञान मौखिक असल्याने पहिली सूट त्यास लागू होत नाही; परंतु त्याच ज्ञानातून गवसलेली वनस्पती शेतात वाढविली, तर दुसऱ्या सवलतीचा आधार घेतला जाण्याची शक्यता राहते.

निष्कर्ष
काणी करार हा आदर्श नसून आरंभ होता, असे मानणे अधिक उचित ठरेल. लाभवाटप न्याय्य व्हावयाचे असेल, तर ग्रामसभेची पूर्वसंमती, करारातील थेट पक्षकारत्व आणि वनावरील अधिकार या तीन गोष्टी रकमेच्या आधी येतात. त्यांच्या अभावी टक्केवारी कितीही वाढविली, तरी देणारा व घेणारा यांच्यातील अंतर कायम राहील.